थेंबातली पंगत

कामापेक्षा वाट पाहणं जास्त असलं, की किस्से आपोआप साठतात. आमच्या बाभुळगावच्या लॅबमध्ये तर साठलेत ढीगभर!

माझी मैत्रीण वैशाली अंड्याच्या पांढऱ्या भागातल्या प्रोटीनची क्रिस्टलं वाढवत होती. तिचा एमएस्सीचा प्रोजेक्टच तो. परीक्षकांना एक तरी क्रिस्टल दाखवायचं, नाहीतर वर्ष गेलं!

*

आमचे राऊत सर समजावत, "थेंबातलं पाणी हळूहळू उडते. गर्दी वाढली का रेणू एकमेकाले धरून ओळीनं बसतेत."

"म्हनजे पंगत, सर?" वैशाली म्हणाली.

"हो. पन सारे एकदम घुसले त पंगत नाही, धिंगाणा!"

आमच्या थेंबांत महिनाभर धिंगाणाच चालू होता. नुसता पांढरा गाळ!

*

वैशालीच्या आईचा फोन आला. "काय करून राह्यली वं?"

"थेंबाकडे पाहून राह्यली."

"याच्यासाठी पाठवलं का तुले कॉलेजात?"

*

पांढरा भाग प्रयोगाला जायचा, पिवळ्याची आम्ही भुर्जी करायचो. एकदा ऐन भुर्जीच्या वेळी प्राचार्य तपासणीला आले. सर घाबरले. प्राचार्यांनी शांतपणे दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "प्रोजेक्ट बरा आहे. मीठ कमी पडलं."

दुसऱ्या दिवशी सरांनी खरंच थेंबांच्या द्रावणात मीठ वाढवलं!

*

धक्का लागला की थेंब बिघडतो, म्हणून थेंबांचा ट्रे ठेवायला शांत जागा हवी होती. सर म्हणाले, "लायब्ररीत ठेवा. तिथं कोनी फिरकत नाही."

आणि तिथेच एका थेंबात क्रिस्टल उगवलं! एकच, पण काय देखणं! वैशाली तर रडलीच.

*

परीक्षेच्या दिवशी परीक्षक प्राचार्यांकडे चहा घेत होते. इकडे सर लॅबमध्ये येरझारा घालत होते. "पहिला प्रश्न हाच येईन, हे मीठ कशावरून नाही?"

"मंग ओळखाचं कसं, सर?" वैशालीनं विचारलं.

"सुईनं दाबाचं. मीठ असलं त कडक लागते, कट्‌कन फुटते. प्रोटीन असलं त लगेच भुगा."

वैशालीनं देवाचं नाव घेतलं, मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि सुई दाबली.

भुगा! मऊसूत भुगा! आम्ही तिघंही आनंदानं ओरडलो. सरांनी तर टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात रुमालानं तोंड पुसत परीक्षक दारात आले. "काय झालं?"

"सर, क्रिस्टल शंभर टक्के प्रोटीनचंच आहे!" वैशाली म्हणाली.

"अरे वा! दाखवा बरं."