पप्पांच्या रेडिओची खरखर

चांगला शॉर्टवेव्ह रेडिओ कसा निवडावा, हे आज मला विचाराल तर मी तासभर बोलेन. दोन वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर म्हटलं असतं, अहो, हल्ली रेडिओ ऐकतंय कोण? आमच्या घरात एकच माणूस ऐकायचा. माझे पप्पा.

पप्पा तरुणपणी जहाजावर फिटर होते. शॉर्टवेव्हची सवय तिथली. पुढे गावी, गिरीजला परत येऊन वाडीत केळी लावली, तरी ती सवय सुटली नाही. संध्याकाळी ओटीवर बसायचं, काटा फिरवायचा आणि आज कुठला देश लागतो ते बघायचं. मग काचबिंदूने त्यांची नजर गेली. तेव्हापासून प्रत्येक गोष्टीसाठी मला हाक मारावी लागायची. चहा कुठे ठेवलास, चप्पल कुठे गेली, विहिरीपर्यंत येतेस का? हाक मारणं त्यांच्या जिवावर यायचं, हे मला दिसायचं. तरी मी खेकसायचेच. स्वभाव, दुसरं काय! फक्त रेडिओपाशी त्यांना कुणी लागत नसे. त्यामुळे जुना रेडिओ बंद पडला आणि दुरुस्त करणारा सापडेना, तेव्हा मी लगेच नवा शोधायला लागले.

पहिला मी ऑनलाइन मागवला, चांगला महागातला. छोटा पडदा, त्यावर आकडे, खाली ओळीने बटणं. पप्पांनी तो सगळीकडून चाचपला.

“बाय, हा तर मोबाइल आहे.”

“अहो पप्पा, नंबर दाबला की स्टेशन हजर!”

“आणि नंबर वाचणार कोण? तू?”

 मग त्यांनीच समजावलं. स्टेशन लांबून यायला पाहिजे. आधी शीळ, मग पुटपुट, मग माणूस. गल्लीतून कुणी चालत येतं तसं. हा एकदम दार उघडून पुढ्यात उभा राहतो, म्हणाले. माणूस येताना कळायला नको? मला हे कधी सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या खेपेला ते स्वतः माझ्याबरोबर विरारच्या दुकानात आले. दुकानदार म्हणाला, “काका, आवाज तरी ऐका.” पप्पा म्हणाले, “आवाज नंतर. आधी हात.” प्रत्येक रेडिओचं गोल बटण ते एका स्टेशनपर्यंत फिरवायचे, पुढे जायचे आणि बोटांच्या अंदाजाने परत मागे यायचे. बटण ढिलं असेल तर परतताना जागा चुकते. पाच रेडिओ झाले. सहावा लाल प्लॅस्टिकचा, दिसायला अगदीच टुकार. त्याचं बटण नेमकं सोडलेल्या स्टेशनवर परतलं, आणि त्यांचा हात थांबला. “हा परत घरी येतो,” म्हणाले.

घरी आणला आणि संध्याकाळी लावला, तर नुसती खरखर! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी एरियल म्हणून दोन माडांना लांब तार बांधली. नारळ पाडायला आलेल्या माणसाने विचारलं, कपडे इतक्या उंच वाळत घालणार का? खरखर होती तिथेच. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे मी पप्पांना वातावरणाच्या थरांवर व्याख्यानही दिलं. ते शांतपणे म्हणाले, “दिवसा खरखर नसते, बाय.”

“दिवसा स्टेशनं तरी कुठे लागतात? उद्या परत करते हा डबा!”

पप्पा रेडिओवर हात ठेवून बसून राहिले. मलाच कसंतरी झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फराळाचे कुलकुल वळत होते. नाताळ दहा दिवसांवर आला होता. बघते तर पप्पा उठलेले, रेडिओ छातीशी धरलेला, तो चालू. माजघरात आले तशी खरखर कमी झाली. ते थांबले, वळले, परत ओटीकडे निघाले. खरखर वाढली. भिंतीला एक हात लावून ते तिच्या मागोमाग जात होते! ओटीच्या दोन पायऱ्या होत्या. “पप्पा, पायरी!” माझ्या तोंडात आलं होतं. कसंबसं गिळलं. ते पायाने चाचपत उतरले आणि अंगणात गेले. नजर गेल्यापासूनच्या चार वर्षांत एकटे कधी गेले नव्हते. आता खरखर तव्यावर बोंबील टाकल्यासारखी तडतडत होती. त्यांनी हात वर केला. मी आंब्याला टांगलेल्या नाताळच्या स्टारचा कोपरा त्यांच्या बोटांना लागला.

“बंद कर बघू हा.”

धावत जाऊन मी पिन काढली. एलईडीच्या माळा भरलेला, रंग बदलणारा स्टार विझला, आणि त्याच क्षणी कुठल्याशा भाषेत एक बाई गाऊ लागली. स्वच्छ. रोज दिवेलागणीला तो दिमाखात लावणारी मीच, आणि दोष देत होते रेडिओला. मी ओशाळून हसले. पप्पाही हसले, तेही किती दिवसांनी!

नंतर चांदीप गावाहून बांबूच्या कामट्या आणल्या. पप्पांनी बोटांनी मोजून सांगाडा बांधला, मी पतंगाचा कागद चिकटवला, आत साधा बल्ब लावला. शेजाऱ्यांचे स्टार वाडीच्या पलीकडे. त्यांचा त्रास होत नाही, हेही पप्पांनी कुंपणापर्यंत चालून स्वतःच तपासलं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी ओटीवरून हाक आली. “बाय!”

माझे हात पिठात. “आता काय हरवलं?” म्हणत मी तणतणत बाहेर गेले.

काही हरवलं नव्हतं. रेडिओवर कुणी बाई गात होती, आणि बाकावर सरकून त्यांनी माझ्यासाठी जागा केली होती.

“काही नको गं. बस. ही बाई कुठल्या देशाची असेल, सांग बघू.”

चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला काहीही नको असताना बोलावलं होतं. हात धुवायलाही न जाता मी तशीच त्यांच्याजवळ बसले.