काशीत सोडलेली किळस

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. नवससायासांची तर मी टिंगलच करते. तरी ही गोष्ट सांगते, कारण ती माझ्याच नाकाच्या बाबतीत घडली... आणि माझं नाक किती तिखट, हे कोल्हापुरात आमच्या अख्ख्या शिवाजी पेठेला ठाऊक!

साल एक्कावन्न-बावन्न असेल. मी मुलींच्या शाळेत शिक्षिका. दुसऱ्याचं खरकटं नुसतं दिसलं तरी मला मळमळायचं. आत्याबाई — म्हणजे माझ्या सासूबाई — मला ‘नाकानं कांदे सोलणारी’ म्हणायच्या. त्यांना काशी करायची होती, आमच्या ह्यांना रजा मिळेना, म्हणून सोबत मी गेले.

काशी! शी! गल्लीबोळांत शेण, पायाखाली कुजलेला झेंडू, भिंतींवर पानाच्या पिचकाऱ्या. घाटावर एक बाई गंगेच्या पाण्यानं चुळा भरत होती आणि तिच्या हातभर अंतरावर फुगलेलं कुत्रं तरंगत होतं. मी बुडी मारलीच नाही. चार थेंब अंगावर उडवून घेतले, तेही बिऱ्हाडी येऊन साबणानं धुतले.

काशीत आवडीचं काहीतरी सोडायची रीत आहे. लोक लबाड, कारलं सोडून मोकळे होतात. मीही गुरुजींना ‘कारलं’ म्हणणार, तोच आत्याबाईंनी माझा हात धरला.

"कारलं कशाला? किळस सोड की."

"अहो आत्याबाई, किळस म्हणजे काय भाजी आहे?"

"नसू दे. उद्या मी हातरुणाला खिळले तर तू लांबनंच नाक धरशील. माझं कोण करणार? तेवढीच एक भीती हाय बघ मला, दुसरी न्हाय."

चारचौघांत काय बोलणार? ओंजळीत पाणी घेतलं आणि सोडलं. किळस कसली सुटते! परतीच्या गाडीतल्या संडासात मला पाऊल टाकवेना.

पुढच्या पावसाळ्यात आत्याबाईंच्या अंगावरून वारं गेलं. सगळं अंथरुणातच. मागच्या खोलीच्या उंबऱ्याशीच असा वास, की पोटातलं तोंडात यावं. पहिल्या दिवशी पदर नाकाला लावून आत पाय टाकला, आणि... वास गेला. कमी झाला नाही हो, गेला! घाणीचा नाही, फिनाईलचा नाही, पेटत्या उदबत्तीचासुद्धा नाही. बाहेर आले की पुन्हा भपकारा. मी वेड्यासारखं आत-बाहेर करून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही मन घट्ट केलंत." मी काही घट्टबिट्ट केलं नव्हतं.

वर्षभर त्यांना धुतलं, पुसलं, पाठीच्या जखमांतला पू काढला. एकदा त्यांनी वाकड्या तोंडानं कसंबसं विचारलं, "वास... येतोय?"

"नाही, आत्याबाई."

"व्हय," एवढंच म्हणाल्या आणि डोळे मिटून निवांत पडल्या.

एका दुपारी त्यांच्याकडे पाठ करून मी बादलीत फडकं पिळत होते. अचानक वास आला. मूत, पू, फिनाईल, सगळं एकदम नाकात घुसलं. मी त्याच बादलीत भडाभडा ओकले. मान वळवायच्या आधीच मला कळलं — आत्याबाई गेल्या.

आमचे हे म्हणतात, योगायोग. असेलही. मला मात्र अजून उलगडा झालेला नाही. गटाराजवळून जाताना आजही नाक धरते... आणि खरं सांगते, तो वास परत आला, याचंच मला अजून रडू येतं.