खिळ्याचा उजवा हात

ताई गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. रेक्झिनमधून जाड सुई ओढून तिच्या बोटांना घट्टे पडले होते. त्याच बोटांनी ती रोज सकाळी, कामावर जाण्याआधी, धाकट्या भावाचा उजवा हात चोळत बसायची. तो हात एकदा हलावा, एवढंच तिचं मागणं उरलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते, ताईनं नाही.

भावाला सगळे खिळा म्हणायचे. जाळीच्या पिंजऱ्यात उतरला की जागचा हलायचा नाही, म्हणून. मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या झुंजीत लाथाबुक्क्या, उचलून आपटणं, गळा आवळणं, सगळं चालतं. पण एक नियम तिथला कालचा पोरही पाळतो. सोसवेना झालं की समोरच्याच्या अंगावर दोनदा थापटायचं, की पकड त्या क्षणी सुटते. हरतो माणूस, पण आपल्या पायांनी घरी जातो.

खिळ्याच्या वैऱ्याला सगळे मुका म्हणायचे. हा फारसा बोलायचाच नाही, आणि खिळा दोघांच्या वाटचं बोलायचा. पहिली झुंज खिळ्यानं मारली. दुसरीत मुक्यानं त्याचा हात पिरगाळला आणि भरल्या हॉलमध्ये त्याला थापटायला लावलं. ते खिळ्याच्या जिव्हारी लागलं. तिसरीच्या आधी त्यानं माईक ओढून घेतला आणि म्हणाला, "जीव गेला तरी याच्यापुढं थापटणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला लोकांचं काय जातं?

तिसऱ्या झुंजीत मुक्यानं मागून गळ्याला विळखा घातला. पहिल्या रांगेतून ताई घसा फुटेस्तोवर ओरडत होती, "थापट रे, थापट." मग मुक्याला, "सोड त्याला." पंच उशिरा धावला. मानेतली रक्तवाहिनी फाटून मेंदूचं रक्त तुटलं होतं. दवाखान्यातून खिळा घरी आला तो उचलून आणलेला. बोलणं गेलं, पाय गेले, हात गेले.

थोड्या दिवसांनी मुका दारात उभा. ताईनं त्याला उंबऱ्याबाहेरच धरलं.

"तो गळाठलाय, हे तुझ्या हाताला कळलं नाही?"

"नाही कळलं. थापटलं असतं तर सोडलं असतं, ताई."

"खोटं बोलतोस."

दार आपटलं. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला, त्याच्या पुढच्याही. शेवटी ताईच्या पाठीनं दगा दिला. एवढा पैलवान गडी न्हाणीपर्यंत ओढायचा म्हणजे खायचं काम नव्हतं. ती म्हणाली, "ये आत. पण माझ्याशी बोलायचं नाही." मुक्याला काय, ते सोपंच होतं.

तो यायचा, खिळ्याला मागून काखेत धरून न्यायचा, आंघोळ घालायचा, झुंजीत चुरगळलेले त्याचे कान कापडाच्या टोकानं पुसायचा. स्वतःचेही तसेच होते. ताईला न ओळखणारा भाऊ मुक्याकडे मात्र टक लावून बघायचा. ताईचा जळफळाट व्हायचा. तरी पुढंपुढं ती रविवारी पाणी तापवून वाट बघू लागली. निघताना न चुकता म्हणायची, "तुला कळलं होतं." तो म्हणायचा, "नाही, ताई."

अशाच एका रविवारी ताई टॉवेल घेऊन न्हाणीच्या दारात उभी होती. मुक्यानं मागून भावाला उभं केलं. अंग साबणानं निसरडं. मुक्याचा हात छातीवरून वर सरकला आणि गळ्याशी अडकला.

आणि खिळ्याचा उजवा हात उठला. हळूहळू वर गेला आणि मुक्याच्या मनगटावर दोनदा थापटला.

मुक्यानं सोडलं. विचार करायला वेळच नव्हता. जन्मभर सोडलं तसं, दोन्ही हात उघडून सोडलं. खिळ्याचं डोकं न्हाणीच्या कट्ट्यावर आदळलं.

मुका ओल्या फरशीवर बसून राहिला. "त्यानं थापटलं, ताई."

"बघितलं मी."

गल्लीत बोलणारे बोललेच, की राहिलेलं काम मुक्यानं उरकलं. पोलिसांनी विचारलं तेव्हा ताईनं एवढंच सांगितलं, "हातातून निसटला." मुक्याला ती एक वाईट शब्द बोलली नाही. कोणत्या तोंडानं बोलणार होती? तो पहिल्यापासून खरं सांगत होता आणि हिनं त्याला खोट्यात काढलं होतं. आता पटलं, तेव्हा भाऊ गेला होता आणि त्याला खांदा द्यायला मुकाच पुढं होता.

त्या दिवशी पहिल्या रांगेतून ओरडून तिनं दुसरं काय मागितलं होतं? भावानं थापटावं, आणि मुक्यानं सोडावं.