गोळी विरघळायच्या आत

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते आमच्या गावातल्या गोळीवाल्या मावशीचे. आईबापाचे आहेत, आत्याचे आहेत, गुरुजींचेही आहेत, पण पहिलं नाव घ्यायचं तर तिचंच. आणि तिचा विषय निघाला की मला एका जागी बसवत नाही. गेले पंधरा दिवस कचेरीत मी उगाच खुर्चीवरून उठतो, खिडकीपर्यंत जातो, परत येतो. शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, "काय हो, खुर्चीत मुंग्या झाल्या का?" मी नुसता हसलो. मावशी महिनाअखेरीस दुकान बंद करून लेकीकडे कायमची राहायला जाणार, हे कळल्यापासून माझं असं चाललंय.

औंढ्याहून हिंगोलीला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. एसटीच्या थांब्याला लागून मावशीचं पत्र्याचं दुकान. फळीवर काचेच्या बरण्या: लिमलेटच्या गोळ्या, संत्र्याच्या फोडीसारख्या गोळ्या, चिंचेच्या गोळ्या, गुडीशेव. बरणीचं झाकण फिरवल्याचा आवाज आम्हां पोरांना शाळेच्या ओट्यावरही ऐकू यायचा, असं आम्ही शपथेवर सांगायचो. दुपारच्या सुट्टीत दुकानापुढं नुसता कालवा. मावशी ओरडायची, "अरे लेकरं हायेत का माश्या? एकानं बोला!"

आमच्या गल्लीत सगळी मेंढरंवाली घरं. दिवाळी झाली की आईबाप मेंढरं घेऊन निघायचे, ते पावसाळ्याच्या तोंडावर परतायचे. मी शाळेसाठी आत्याकडे. तेव्हा आमच्याकडे कुणाजवळ फोन नव्हता. वाशीमकडून कनेरगाव नाक्यावरून येणाऱ्या गाडीचा कंडक्टर थांब्यावर पाणी प्यायला उतरायचा आणि मेंढरंवाल्यांचे निरोप मावशीपाशी ठेवायचा. कोण कुठं उतरलंय, कुणाचं दुखतंय, कुणाला काय पाहिजे. मावशी ज्याच्या घरचा निरोप असेल त्या पोराला हाक मारायची, निरोप सांगायची, दोनदा म्हणून घ्यायची आणि त्याच्या तोंडात एक गोळी घालायची. "ही विरघळायच्या आत घरी पोचायचं. वाटंत कुणाशी बोलायचं न्हाई." गोळी गालात धरून आम्ही सुसाट पळायचो. तोंड भरलेलं, त्यामुळं रस्त्यात कुणाशी गप्पा मारता येत नसत आणि निरोपही विसरत नसे. तिनं ही रीत कशी काढली कोण जाणे, पण आमच्या गल्लीचा एकही निरोप कधी चुकला नव्हता.

मी दहावीला होतो. परीक्षा तीन आठवड्यांवर. मिसरूड फुटलेलं, तरी मावशीनं हाक मारली तशी गेलो.

"तुह्या बापाच्या पायात बाभळीचा काटा मोडला, पाय सुजून आला. मेंढ्या विऊन राहिल्या, माणूस कमी पडते. आत्याला सांग, उद्याच्या गाडीनं तुला धाडायचं. नाक्यावर उतर, तिथं तुही आई येईल. म्हण आता."

मी दोनदा म्हणून दाखवलं. तिनं संत्र्याची गोळी दिली. मी पळत निघालो आणि मारुतीच्या पारापाशी थांबलो.

माझा चुलतभाऊ सातवीत असताना असाच आठ दिवसांसाठी मेंढरांमागं गेला होता. तो आजही मेंढरांमागंच आहे. आत्याला निरोप कळला असता तर तिनं दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून मला गाडीत बसवलं असतं. त्यात तिचं काही चुकलं नसतं. मी पारापाशी उभा राहिलो. गोळी जिभेवर बारीक होत गेली, कागदाएवढी पातळ झाली, मग गेली. मी घरी गेलो आणि भूगोलाचं पुस्तक उघडलं.

दोन दिवसांनी मावशीनं विचारलं, "निरोप दिलास न्हवं?"

"व्हय."

"मग गेला न्हाईस काहून?"

"आत्या म्हणली, परीक्षा झाल्यावर धाडीन."

तिनं मान हलवली. तिकडं मेंढरांचा तळ पुढं हलला. तिथून गाडी नव्हती, म्हणून दुसरा निरोप आलाच नाही. मी सगळे पेपर दिले. पेपर लिहिताना मधेच तोंडाला संत्र्याचा वास यायचा.

पावसाआधी आईबाप परतले. बाप पाय ओढत आला. वेळेवर दवाखाना झाला नव्हता. मेंढरं सोडून जाणार कोण? तो आजही जरा ओढतच चालतो. तीन कोकरं लांडग्यानं नेली होती. आईनं आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, निरोपच आला नाही. आई तशीच उठली आणि दुकानावर गेली. मी मागं मागं.

"कंडक्टरच्या हातानं निरोप धाडला व्हता. माह्या घरी काहून पोचला न्हाई?"

मावशी बरणी पुसत होती. तिनं आईच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं. फडकं थांबलं, परत फिरायला लागलं.

"माह्याच ध्यानातून गेलं, बाई."

"व्वा! गोळ्या विकायच्या बऱ्या ध्यानात राहतात!" आई म्हणाली. आजूबाजूची माणसं हसली. मावशीनं बरणी फळीवर ठेवली आणि पुढची पुसायला घेतली.

त्या वर्षापासून आमच्या गल्लीचे निरोप पिठाच्या गिरणीवर उतरायला लागले. आयांनी पोरांना सांगितलं, मावशीकडून काही घ्यायचं नाही. सुट्टीतला कालवा दुसऱ्या टपरीवर गेला. माझा निकाल लागला तेव्हा मी रिकाम्या दुकानापुढं उभा राहिलो. मावशीनं माझ्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या आणि म्हणाली, "आता मधी थांबू नको."

मी थांबलो नाही. हिंगोलीला कॉलेज केलं, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो, नोकरीला लागलो. दर वेळी गावी गेलो की दुकानाकडं दोन-तीन फेऱ्या मारतो. ती विचारते, "जेवलास का?" मी म्हणतो, "व्हय." आणि निघतो. वीस वर्षं तेवढंच बोलणं. फोन लावला तरी तेवढंच. आणि पंधरा दिवसांपूर्वी ती गाव सोडणार ही बातमी सांगताना आई म्हणाली, "जाऊ दे. तिच्या ध्यानात तर काय राहते?"

त्यानंतर माझं जेवण सुटलं. रजा टाकून गावी गेलो, जे करायचं ते केलं, आणि परतल्यावर मावशीला हे पत्र टाकलं:

"मावशी,

दुकानात कुणी नसताना हे वाच. त्या वर्षी निरोप तू विसरली नव्हतीस. तू दिलास, मी दोनदा म्हणून दाखवला आणि पारापाशी गिळला. वर तुझ्याशी खोटं बोललो. तुला हे सगळं त्याच दिवशी कळलं होतं, हे मलाही कळलं होतं. मी शिकलो ते त्याच्यावर. पण बाबांचा पाय आणि तुझं दुकान, दोन्हीची भरपाई माझ्याकडून होणार नाही.

काल आईबाबांना सांगितलं. बाबा उठून बाहेर गेले, अजून माझ्याशी बोलले नाहीत. आई शेळीला पाला टाकत राहिली. मग म्हणाली, 'तिनं काहून सोताच्या अंगावर घेतलं मंग?' मी म्हणालो, तिलाच विचार. तिला ते तुझ्याकडून ऐकायचं आहे. ती म्हणाली, गल्लीतल्या बायांनाही सोबत आणते, कारण तेव्हा तिला मी सगळ्यांसमोर बोलले होते.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. आईला घेऊन दुकानावर येईन. तू जायची तयारी करत असशील, पण तेवढ्या दिवशी बरण्या खाली काढू नकोस."