तुटक्या पायाचा सात

मामा जुन्या स्पोर्ट्स कार तपासायचा. गाडी अस्सल की बनावट, आधी कोणाकोणाची होती, यावर त्याचा शब्द शेवटचा. कागदपत्रं तो मागाहून बघायचा. आधी गाडीखाली आडवा व्हायचा, चॅसिसच्या नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल घासायचा आणि उमटलेला छाप डब्यात जपून ठेवायचा. "कागद काय, सांगाल ते बोलतो," म्हणायचा. "पत्र्याला खोटं बोलता येत नाही."

अवजार तो कोणाला द्यायचा नाही. "त्यापेक्षा माझे दात न्या, ते परत तरी आणाल!" एकदाच त्याने आकडे ठोकायचे पोलादी ठसे दिले होते, माझ्या बाबांना. मेहुण्याला नाही कसं म्हणणार?

बाबा गेले. मागे उरली त्यांची लाल, दोन सीटची गाडी. ती विकली तरच आमचं घर वाचणार होतं आणि गिऱ्हाइकाला मामाचा दाखला हवा होता. घरची गाडी म्हणून मामाने ती कधी तपासलीच नव्हती.

तो गाडीखालून बाहेर आला आणि त्याने हातातला छाप उजेडात धरला. नंबरातल्या साताचा पाय तुटका होता, त्याच्याच ठशातल्यासारखा. रंग खरवडल्यावर खाली घासलेला जुना नंबर अर्धामुर्धा दिसला. डब्यातल्या एका छापाशी तो जुळला. गाडी एका डॉक्टरांची, चोरीला गेलेली. ते मरेपर्यंत दरवर्षी मामाकडे विचारायला यायचे आणि मामा म्हणायचा, "दिसली की कळवतो." बाबांनी ती चोरली की चोरीची घेतली, ते आता कोण सांगणार?

"दादा, सही कर," आई म्हणाली. "डॉक्टर गेले, तुझे मेहुणेही गेले. आता कोणाचं काय अडलंय?"

"डॉक्टरांची मुलगी आहे."

"आणि मी कोण आहे?"

मामाने लिहिलं: नंबर बनावट, ठसे माझे. गाडी त्या मुलीकडे गेली. आमचं घर गेलं. मामाच्या दाखल्यालाही पुढे कोणी विचारेना. मला त्याचा राग आला, अजूनही येतो. तो बरोबर होता, याचा तर जास्तच.

दुसरीकडे थारा नव्हता म्हणून आम्ही मामाच्याच मागच्या खोलीत राहिलो. नऊ वर्षं आईने त्याला वेळेवर वाढलं, पण अवाक्षर बोलली नाही. "तुझ्या मामाला सांग, ताट वाढलंय." मामा समोरच बसलेला असायचा. मी सांगायचे.

तो गेला त्या सकाळी आईने त्याचा गार हात हातात घेतला.

"एकदाच खोटं लिहायचं होतंस रे, दादा."

या वेळी मध्ये मी नव्हते. ऐकायला तोही नव्हता.