संकष्टीचा ठिपका

नंदकिशोर परुळेकरांसारखी सरळ रेघ मरोळच्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये कुणाला मारता येत नसे. बीकॉम माणूस, सव्वीस वर्षं सामानाच्या खोलीत. अकराला यायचे, सातला कुलूप लावायचे. निवृत्तीला आठ महिने उरले, तेव्हा लॅबच्या प्रमुख डॉक्टर अनुपमांनी त्यांना कामाच्या ताणाचा आलेख काढायला सांगितलं. आलेल्या नमुन्यांच्या आकड्यांचे गट करायचे. एका गटाची सरासरी म्हणजे एक ठिपका. वर-खाली दोन लाल रेघा. ठिपका बाहेर गेला, तर काहीतरी बिघडलंय.

"गटात किती आकडे घेऊ?"

"तुम्हीच ठरवा."

परुळेकरांनी सोमवार ते शनिवार, रोजचा एक असे सहा घेतले. आठवडा म्हणजे आठवडा! वर्षभराचे ठिपके प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखे रांगेत आले.

रक्त घेणारी जयंती मात्र तो आलेख बघून भडकली. रक्त घ्यायला ती एकटीच होती.

"काका, काही दिवशी माझी वाट लागते! शंभर-शंभर माणसं. जोडीला कुणीतरी द्या, नाहीतर महिनाअखेर मी चालले."

"कुठले दिवस गं?"

"कॅलेंडर बघायला मान वर काढता आली, तर सांगेन ना!"

"आलेखात तर दिसत नाही."

"आलेखाला कुठे सुया टोचायच्या असतात?"

डॉक्टरांनीही आलेखच प्रमाण मानला. जयंतीने राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला.

त्याच आठवड्यात परुळेकरांच्या पत्नी प्रेमाताईंना नवऱ्याची साखर आठवली. "उद्या संकष्टी. उपाशी असालच, खिचडी खायच्या आधी रक्त देऊन या." एका उपासात दोन कामं! परुळेकरांना हे फारच व्यवस्थित वाटलं.

सकाळी सातला ते पोचले, तर रांग जिना उतरून पानवाल्यापर्यंत आलेली.

पुढचे आजोबा म्हणाले, "उपास आहेच, म्हटलं उरकून टाकू."

आजोबांच्या पुढच्या बाईही हेच म्हणाल्या. मागचा गृहस्थ तर आपली युक्ती कौतुकाने सगळ्यांना सांगत होता.

दोन तासांनी नंबर लागला. जयंतीने मान वर केली. "काका, तुम्ही पण?"

"उपास होता गं," परुळेकर ओशाळले.

रक्त देऊन ते तडक टेबलाशी बसले. खिचडीचा डबा तसाच राहिला. नोंदीत वेळ होतीच. त्यांनी सहा दिवसांचे गट मोडले आणि प्रत्येक दिवसाचा वेगळा गट केला. सकाळचे चार तास, चार आकडे. सरळ रांगेतून वर्षभरातल्या संकष्ट्या टुणकन लाल रेघेच्या वर उडाल्या, मागोमाग एकादश्या. आठवड्याच्या सरासरीने त्या सगळ्या पोटात घातल्या होत्या.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मॅडम, चतुर्थी. गट चुकला होता, माझाच."

"म्हणजे आणखी एक माणूस लागणार?"

"रोज नको. पंचांग बघून."

उपासाच्या दिवशी जोगेश्वरीच्या शाखेत रक्त घेणारी शर्मिष्ठा जयंतीच्या जोडीला येईल, असं ठरलं. जयंतीने पर्समधला राजीनामा काढला, मागच्या कोऱ्या बाजूवर वर्षभराच्या संकष्ट्या आणि एकादश्या लिहिल्या आणि कागद परुळेकरांच्या टेबलाच्या काचेखाली सरकवला.

"शर्मिष्ठासाठी?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठी. या दिवशी साखर तपासायला यायचं नाही."