बाईंचा न मागितलेला कागद

गुरुवारी सकाळी सव्वाअकराला बाईंचा फोन आला आणि तो मी उचलला तोच वैतागून. सकाळपासूनचा चौथा फोन होता तो. पहिला तंबूच्या खुंट्यांसाठी, दुसरा पाण्याच्या कॅनसाठी आणि तिसरा, दुसऱ्या फोनवरचं मी नीट ऐकलं होतं ना याची खात्री करून घेण्यासाठी. त्यामुळे नमस्कार-चमत्कार काही न करता मी म्हणालो, "अहो बाई, झालंय सगळं! आता माझी आंघोळ तरी होऊ द्याल?" पलीकडे एक बाईच होती, पण आमच्या बाई नव्हत्या. "दादा, तुमी कोन त्यांचं? ह्या मावशी हितं मंडईत पडल्यात बघा. आलं-लसूण घेत हुत्या... काय बोलंनात." मी ओल्या अंगावरच कपडे चढवून रिक्षा पकडली. मंडईत पोचेपर्यंत त्यांना हलवलं होतं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी मला 'हृदय बंद पडलं' म्हणून सांगितलं, ते मी तीनदा विचारून घेतलं. तिसऱ्यांदा त्या बिचाऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग कोणीतरी माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली. आत आलं होतं, लसूण होता आणि पाच लिंबं होती. आम्ही जाणारे पाच जण, म्हणून पाच. ही बाई लिंबंसुद्धा माणसागणिक मोजून घ्यायची हो!

आज सात आठवडे झाले. त्या रविवारी सकाळी सहाला आम्ही तीन गाड्या घेऊन वेल्ह्याच्या पलीकडे, सह्याद्रीच्या धारेवर जायला निघणार होतो. वसुधाबाई, म्हणजे शनिवार पेठेत राहणाऱ्या, मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या आणि साठीकडे झुकताना जीप चालवायला शिकलेल्या आमच्या बाई, आमच्या म्होरक्या होत्या. त्या गेल्या हे मला कळतं, पण वळत नाही. रविवारी संध्याकाळी पाच वाजत आले की बाईंकडे जायला मी अजून चपला घालतो. आणि त्याहून वाईट म्हणजे, या सात आठवड्यांतले बहुतेक दिवस मी बाईंच्या मुलीला तोंड चुकवत काढले.

झालं असं. दिवस-बिवस करायचे नाहीत असं बाईंनी लिहूनच ठेवलं होतं, म्हणून बाराव्या दिवशी मी सहज म्हणून त्यांच्या घरी गेलो. मुग्धा, त्यांची एकुलती एक लेक, बंगळूरूहून आली होती आणि कपाट आवरत होती. ती म्हणाली, "काका, एक काम होतं. आईने ट्रिपच्या आधी तपासणी केली होती ना, तो कागद तुमच्याकडे असेल. मी तिला फोनवर विचारलं होतं, हार्टबिर्ट सगळं बघितलंस ना? तर म्हणाली, 'सबनीसांकडे कागद दिलाय, काळजी करू नकोस.' म्हणून मी गप्प बसले. तो मला एकदा बघायचाय." मी म्हणालो, "हो हो, बघतो शोधून." आणि जिना उतरलो.  पण बाईंनी मला कुठलाही कागद दिला नव्हता, आणि मी तो मागितलाही नव्हता.

आता हा कागद काय भानगड आहे ते सांगायला हवं, आणि त्यासाठी बाई सांगायला हव्यात. आठ वर्षांपूर्वी नाना पेठेतल्या एका गॅरेजमध्ये मी माझी जुनी जीप घेऊन गेलो होतो. शेजारी दुसरी जीप उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. पायांत मोजे, आणि वर नऊवारी नव्हे तरी चांगली सुती साडी. मी वाकून बघतोय तोच खालून आवाज आला, "तुम्हाला यातलं काही कळतं, की नुसते उभे आहात?" मी म्हणालो, थोडंफार कळतं. "मग बॅटरी धरा. थोडंफार कळणाऱ्याला तेवढं जमतं." मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात जन्म काढलेला माणूस. साहेब लोकांचं बोलणं खाऊन खाऊन माझी कातडी जाड झालेली. पण बॅटरी धरली. आणि त्यानंतर आठ वर्षं धरतच आलो.

पुढे बाळासाहेब आले. शहराने गिळलेल्या एका गावचे शेतकरी. शेतात आता इमारती उभ्या आहेत आणि दारात ही एवढी थोरली गाडी. ती पहिल्यांदा बघून बाई म्हणाल्या, "बाळासाहेब, ही घाटात न्यायची आहे की वरातीत?" बाळासाहेब खो खो हसले आणि त्या दिवसापासून बाईंचे भक्त झाले. मग आयटीत काम करणारं तन्मय आणि ईशा हे जोडपं आलं. दर रविवारी पाचला बाईंच्या घरी बैठक. पाच म्हणजे पाच. पाच-दहाला येणाऱ्याला चहा गार मिळे आणि तो मुद्दाम गार केलेला असे, असा माझा आजही संशय आहे. या वेळची आखणी तर सहा महिने चालली. आलेखाच्या कागदावर बाईंनी सगळी वाट काढली होती. कुठे चाकांतली हवा कमी करायची, कुठे एकाने खाली उतरून गाडीपुढे चालत खड्डे दाखवायचे, कुठल्या पठारावर तंबू लावायचे, वारा कुठून येतो. तन्मय म्हणाला, "बाई, चिल! ट्रॅक नेटवर आहे, मी डाउनलोड करून टाकतो." बाई म्हणाल्या, "जरूर करा. मध्ये एक ओढा आहे, तोही डाउनलोड करून ठेवा, म्हणजे आयत्या वेळी अडायला नको." ज्याच्या बांधावरून आपलं चाक जाणार त्या शेतकऱ्याला आधी भेटून विचारायचं, हा त्यांचा नियम. त्यासाठी त्या आणि मी दोनदा वेल्ह्याला जाऊन आलो होतो. एका म्हातारबांनी विचारलं, "पन तुमी तिकडं जाऊन करनार काय?" बाई म्हणाल्या, "बसणार." म्हातारबा म्हणाले, "मग जावा की, बसायला कोन नगं म्हनतंय."

आणि दुसरा नियम कागदाचा. निघण्याच्या पंधरा दिवस आधी प्रत्येकाने दोन कागद आणायचे. गाडी तपासल्याचा मेकॅनिककडून आणि स्वतःला तपासल्याचा डॉक्टरकडून. डोंगरात जवळ दवाखाना नसतो, म्हणून. हे कागद गोळा करायचं काम माझ्याकडे. आवक-जावकवाल्याला दुसरं काय देणार? बाळासाहेबांनी या वेळी पुतण्याकडून लिहून आणलं. बाईंनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "बाळासाहेब, हे जनावरांचे डॉक्टर आहेत." "असंना का बाई, तपासलं तर बरूबर हाय की त्यानं!" "शेपूट सापडलं का विचारा, आणि माणसांच्या डॉक्टरकडे जा." त्या दिवशी आम्ही इतके हसलो, इतके हसलो... मला रक्तदाबासाठी त्यांनी दोनदा परत पाठवलं. तेव्हा मी मनातून चडफडलो होतो, तेही कबूल करतो.

पण बाईंचा स्वतःचा कागद? तो कोणी मागत नसे. तीन वर्षांपूर्वी एकदा मी मागितला होता. बाई म्हणाल्या, "सबनीस, पेपर तपासणाऱ्या बाईंचा पेपर वर्गात कोणी मागतं का?" सगळे हसले, मीही हसलो, आणि विषय संपला. तेव्हापासून यादीत बाईंच्या नावापुढची खूण मी माझ्याच हाताने करत आलो. या वेळीही केली. निळ्या पेनने, ठसठशीत. चार माणसांचे कागद तपासले आणि पाचवीपुढे नुसतीच खूण! जन्मभर कागदाशिवाय पान न हलवणारा मी, आणि नेमक्या त्या एका ठिकाणी मला लाज वाटली. बाईंना कसं विचारायचं, म्हणून. दुसरं कारणच नाही.

आणि दिसत नव्हतं असं नाही हो. वेल्ह्याच्या दुसऱ्या खेपेला चढावर बाईंनी जीप थांबवली आणि म्हणाल्या, "तुम्ही घ्या. मला जरा कडेची झाडं बघायचीत." आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला त्यांच्या जीपचं स्टिअरिंग दिलं. मी काय करावं? मी खूश झालो! घरी येऊन बायकोला सांगितलं, की बाईंना अखेर माझं चालवणं पसंत पडलं. बायको म्हणाली, "बरं नसेल त्यांना." मी तिच्यावर डाफरलो. आता वाटतं, त्या झाडं बघत नव्हत्या. डोळे मिटून बसल्या होत्या. मी एकदा वळून पाहिलं होतं आणि मला वाटलं, ऊन लागतंय.

तर मुग्धाला काय सांगायचं? कागद नव्हता म्हटलं, तर आई तिच्याशी खोटं बोलली हे तिला कळणार, आणि तेही मी सांगायचं! मी कुढत होतो ते बाळासाहेबांनी ओळखलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "साहेब, एवढंच ना? कागद काय, आनू की. वळखीचा मानूस हाय. मागची तारीख टाकून देतंय. पोरीच्या जिवाला बरं वाटंल, बाईंची अब्रू ऱ्हाईल, तुमी बी सुटाल." त्या माणसाच्या मनात तसूभर पाप नव्हतं. आणि मी... मी "आणा" म्हणालो. का म्हणालो ते विचारू नका, मला सुटायचं होतं. दोन दिवसांत कागद आला. शिक्का, सही, बाईंचं पूर्ण नाव, वय सहासष्ट. हृदय ठीक, रक्तदाब ठीक, प्रवासास हरकत नाही.

मुग्धा पुन्हा पुण्याला आली ती गेल्या शनिवारी. मी तो कागद खिशात घालून गेलो. ती खाली जीपजवळच उभी होती, गाडी विकायची की ठेवायची या विचारात. मला बघितल्याबरोबर म्हणाली, "सापडला?" मी खिशात हात घातला. तेवढ्यात ती म्हणाली, "बरं झालं. तो मला माझ्या डॉक्टरांना दाखवायचाय. आजी, म्हणजे आईची आई पण अशीच उभ्या उभ्या गेली होती. ते म्हणाले, आईला आधीपासून काही होतं का ते कळलं तर तुझं काय करायचं ते ठरवू. नॉर्मल असेल तर घाई नाही." माझा हात खिशातच राहिला.  म्हणजे माझ्या खोट्या कागदावर ही पोर निर्धास्त राहणार, आणि तिच्या आईसारखंच... देवा! मुग्धाच्या, बायकोच्या, अगदी बाईंच्याही रागाची मला भीती वाटली होती, पण हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. की कागद नव्हता, की मी मागितला नाही, की नावापुढची खूण माझी, की चढावर त्यांनी मला स्टिअरिंग दिलं आणि मी खूश झालो, आणि माझ्या खिशात या क्षणी काय आहे. तो कागद काढून तिच्या हातात दिला. तिने तो वाचला.  मग म्हणाली, "म्हणजे आई माझ्याशी खोटं बोलली." मी म्हणालो, "हो." "आणि तुम्ही पण बोलणार होतात." मी म्हणालो, "हो गं." तिने कागदाचे चार तुकडे केले. "तपासणी मी सोमवारीच करते," ती म्हणाली. "पण काका, मला तुमचा खूप राग आलाय. आत्ता तरी तो जाईल असं वाटत नाही. तिचा तर त्याहून जास्त आलाय."   तिला समजवायचा मला काय अधिकार? हे सगळं छापायला देऊ का, असं काल तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "द्या. निदान दुसरं कोणी तरी विचारेल."

त्या शनिवारी मी निघणार होतो, तर तिने जीपचं दार उघडलं आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसली. बाईंची उंची जेमतेम पाच फूट. चढावर बॉनेटच्या पुढचं दिसावं म्हणून त्या सीट पार पुढे घेऊन बसायच्या. मुग्धा वडिलांवर गेलेली, उंचच उंच. तिचे गुडघे वर येऊन स्टिअरिंगला टेकले, कोपर कुठे ठेवावं ते तिला कळेना, आणि डोकं छताला लागत होतं. बघवेना मला. मी म्हणालो, "सीट मागे घे गं. खाली डाव्या हाताला खिट्टी आहे."

"माहितीये," ती म्हणाली, आणि तशीच बसून राहिली.